गुणिले चार

बुधवारचा शेवटचा तास पी.टी.चा.
वेळापत्रकात माझा, एरवी बीजगणिताचा.
देवस्थळी सर दारातून नुसता खडू दाखवतात
आणि मी वर्ग देऊन टाकते,
गेली अकरा वर्षं.

या बुधवारी नाही दिला.
का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.
शिट्टी गळ्यात होती, ऊन कललं होतं,
आणि नववी ब बाकांवरून अर्धी उठलेली होती.

आमचं मैदान म्हणजे दांडेकर पुलाच्या अलीकडे
दोन इमारतींमधली मुरमाची पट्टी.
एका टोकाला टाकी, दुसऱ्या टोकाला मुख्याध्यापकांची स्कूटर.
मान वर केली की पर्वती,
आणि तिच्या उतारावर यातल्या निम्म्यांची घरं,
पत्र्यावर टायर, टायरवर दगड.

म्हटलं, आज पळायचं नाही.
दोन बोटं मनगटावर. अंगठा नाही,
अंगठ्याला स्वतःची नाडी असते,
तो आपलंच ऐकवत बसतो.
"बाई, मला नाहीच आहे," अवधूत कसबे म्हणाला.
वर्ग हसला. मग त्यालाच आधी सापडली,
आणि त्याचा चेहरा असा झाला
जसं कुणी आतून दार वाजवलंय.

पंधरा सेकंद. सत्तेचाळीस पोरं गप्प.
एवढी शांतता आमच्याकडे श्रद्धांजलीलाही नसते.
भिंतीपलीकडून सिंहगड रस्त्याचे हॉर्न तेवढे.
मग गुणिले चार.
बोटांवर, ओठांवर, काडीनं मुरमावर.
देवस्थळी सर खिडकीतून पाहत होते.
गणितच चाललंय, सर.

पुस्तकात सगळं आहे.
आठ तास झोप, साठ मिनिटं व्यायाम, हंगामी फळं.
"डागी उरली तर," नाझनीन बागवान म्हणाली,
बापाची हातगाडी मंडईबाहेर.
आणि रेश्मा लोखंडेनं वहीत विचारलेलं:
नळ खाली आहे, घर वर आहे,
दोन हंडे, चार खेपा, हे धरायचं का व्यायामात?
मी लाल पेन त्या ओळीवर टेकवलं
आणि बराच वेळ तसंच ठेवलं. शाई पसरली.

गृहपाठ दिला: घरातल्या कुणाचीही नाडी.
अट एकच. आधी पाच मिनिटं बसवायचं,
काही न करता, नुसतं.
त्याशिवाय खरा आकडा येत नाही.

सोमवारी वह्या आल्या.
आजोबा, ९२, बिडी विझवायला तयार नव्हते.
दादा, ५८, तालमीत जातो, मोजताना मला चीत केलं.
पप्पा, नाइटला.
बोका, माहीत नाही, ओरबाडलं.
आणि एकवीस वह्यांत: आई.
समोर रिकामा चौकोन.
खाली निरनिराळ्या अक्षरांत जवळजवळ तेच वाक्य.
बसली नाही.
बसते म्हणाली, तेवढ्यात कुकर झाला.
चार घरची भांडी करून आली,
म्हणाली बसले तर उठायची नाही.

शेरा काय द्यावा, अपूर्ण?
कुणाचं?
मी आठवडा वाढवून दिला.
स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं,
पी.टी.लाही आता वह्या का, मॅडम.

परवा रेश्मानं तिची उघडी वही टेबलावर ठेवली
आणि पाणी प्यायला म्हणून निघून गेली.

आई.
मिनिट एक: सारखी उठतेय, पदर धरून ठेवला.
मिनिट तीन: झालं का विचारते.
मिनिट पाच: काही विचारत नाही.
मग मी मोजायला लागले, आणि बघितलं तर
भिंतीला टेकून झोपलेली.
पंधरा सेकंदांवर थांबायचं विसरले.
हात सोडला असता तर जागी झाली असती,
म्हणून मोजत राहिले.
एक हजार दोनशे सहा.
याला आता गुणिले चार नाही ना, बाई?